कानोसा
(कुक्सहाफेन, एप्रिल १९४७)

खिडक्या उघड्या ठेवा, सांगून गेला होता शिपाई.
बंद काच फुटते, उघडी वाचते.
म्हणून त्या दुपारी आमच्या भाड्याच्या खोलीत
समुद्रावरचा वारा पाहुण्यासारखा येऊन बसला होता,
आणि आम्ही सहाजण कोट न काढता
बटाट्याच्या सुपाभोवती.

साठ किलोमीटरवर आमचं बेट.
इथून ते दिसत नाही. कधीच दिसलं नाही.
पण आई जेवताना
नेमकं त्या दिशेला तोंड करून बसायची.

हेल्गोलांडच्या पोटात इंग्रजांनी भरलं होतं
लढाईतून उरलेलं सगळं,
पाणतीर, सुरुंग, न फुटलेले गोळे,
हजारो टन, म्हणे.
टन म्हणजे किती ते मला ठाऊक नव्हतं.
मला शेवंड्यांचे पिंजरे मोजता यायचे.

आधी दोन-चार लहान बार उडवले,
कड्यावरची पाखरं निघून जावीत म्हणून.
पाखरांची काळजी घेतली, आई म्हणाली,
आणि पुढे ब्र काढला नाही.
दोन वर्षांपूर्वी, ह्याच तारखेला,
आम्ही भुयारात होतो आणि वरून विमानं जात होती,
एक संपलं की दुसरं, दुसरं की पुढचं.
ट्योनिस मामाचे कान तिथेच राहिले.

नानिंग मास्तरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.
आवाज चालत येतो, म्हणाले,
तीन मिनिटं लागतील. जरा कमीच.

रेडिओवर एकचे ठोके पडू लागले.
टुक.
टुक.
त्यातल्याच एका टुकवर, नंतर कळलं,
कुणीतरी कळ दाबली.
एवढा मोठा आवाज
एवढ्याशा आवाजाचं बोट धरून निघाला.

आता ते झालेलं होतं.
आणि आमच्याकडे अजून झालेलं नव्हतं.
तीन मिनिटं बेट होतं.
घर तर मागेच पडलं होतं, पण
पडलेल्या घरालासुद्धा जागा लागते,
उंबरा कुठे होता ते बोटानं दाखवता येतं.
आईनं मीठ पुढे सरकवलं. कुणी घेतलं नाही.
जीव कानात गोळा करून बसलो होतो,
मी तर श्वाससुद्धा
हळूच सोडत होते, मध्ये येऊ नये म्हणून.

मग आला.

कानठळ्या बसल्या नाहीत.
खालच्या मजल्यावर कुणी पिठाचं पोतं टाकावं, तसा.
पडदा एकदा आत आला, परत गेला.
सुपावर एक वर्तुळ उमटलं,
काठाशी जाऊन विझलं.
मास्तर घड्याळाकडे बघत राहिले,
जणू त्याचंच काही चुकलं असावं.
हा तोच का? ट्रक असेल.
बंदरात काही पडलं असेल.

ट्योनिस मामाचा तळवा टेबलावर होता, सपाट,
आजाऱ्याच्या छातीवर ठेवतात तसा.
तो बोलला, बहिरे बोलतात तसं, फार मोठ्यानं:
"हा. हा आपला."
आणि उठून त्यानं खिडक्या लावल्या,
एकेक करून, कडीसकट.

बेट बुडालं नाही.
एक टोक गेलं, तिथे मोठा खळगा झाला,
बाकीचं उभं.
पाच वर्षांनी आम्हाला परत जाऊ दिलं.
त्याच्या आधीच पाखरं आली होती,
जूनमध्ये त्यांची पिल्लं कड्यावरून उड्या टाकतात
आणि खाली पाण्यात एवढ्या गलक्यात
ज्याला त्याला आपलीच आई ऐकू येते.

आता लोक मोठ्या आवाजांच्या गोष्टी सांगतात.
अमुक अग्निबाण सुटला तेव्हा मैलोगणती जमीन थरथरली,
तमुक बंदरात जहाज पेटलं आणि गावाची काच न काच गेली.
मी ऐकते. खरंच असणार.
मला एक वर्तुळ आठवतं, सुपावरचं.

आणि नव्या घरातलं पहिलं जेवण:
ताट हातात घेऊन आई उभीच होती,
एका खुर्चीवरून दुसरीवर,
कुठे तोंड करून बसायचं
ते तिला कळत नव्हतं.