झडती

सकाळी सात दहाला खार येते.
जेलरोडच्या आमच्या कॉलनीत
एवढी वेळ पाळणारं दुसरं कोणी आता उरलेलं नाही.

अंगणात लोखंडी पाईप, पाईपावर तेलाचा रिकामा कॅन,
कॅनला चार भोकं,
आत बाजरी, थोडा राळा, तांदळाची कणी,
आणि बुलबुलांसाठी शेंगदाण्याचा चुरा.
नावापुरता तो पाखरांचा.

चौतीस वर्षं मी नोटांच्या छापखान्यात काढली.
कोरे ताव मोजले, छापलेले मोजले,
फाटके वेगळे काढून तेही मोजले.
सुटीच्या भोंग्याला रोज हात वर करून उभा राहिलो,
खिसे उलटे, डबा उघडा,
उरलेल्या पोळीची घडीसुद्धा उलगडून दाखवली.
एकदाही काही सापडलं नाही.
हे मी चारचौघांत सांगतो तेव्हा
प्रमिला आतून म्हणते,
"सापडण्यासारखं होतं काय तुमच्याकडे?"

तर आता गेटवर मी आहे.

आधी पाईपाला एरंडेल चोपडलं.
खारीनं पाय पुसले ते चंद्रात्रे बाईंच्या
वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर.
बाई आठ दिवस बोलल्या नाहीत.
नवव्या दिवशी बोलल्या त्या एवढंच,
"रामाच्या गावात राहून खार हाकलता?"
म्हटलं, रामानं पाठीवरून बोटं फिरवली हे खरं,
पण तेव्हा ती कोणाचे दाणे खात नव्हती.

मग भांडी बाजारातून जुनी परात आणली,
मधोमध भोक पाडून कॅनच्या खाली पाईपात ओवली.
दोन दिवस खार खालून नुसती बघत राहिली.
तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीवरून उडी,
ती थेट परातीत.
सांडलेले सगळे दाणे तिथंच साचलेले.
पाहुण्यासारखी मधोमध बसून
दोन्ही हातांनी जेवली.
परात उपडी लावायची असते
हे मला तिच्याकडून कळलं.

गायधनी म्हणाले, मिरची लावा,
पाखरांना तिखट लागत नाही, खारीला लागतं.
लवंगीची पूड चोळली बाजरीला.
खार शिंकली.
मीही शिंकलो.
काही वेळ आम्ही दोघं
एकमेकांकडे पाणावल्या डोळ्यांनी पाहत होतो.

शेवटी मेव्हण्याच्या बागेतली जाळी आणली दिंडोरीहून.
पाखरांपासून द्राक्षं राखायची जाळी,
मी तिच्यानं पाखरांचे दाणे राखायला निघालो.
मेव्हणा हसला नाही. त्याला कळलं नसावं,
किंवा फार नीट कळलं असावं.

दुपारी अडीचला प्रमिलाची हाक.
खार जाळीत, मान आणि एक पाय अडकलेला,
जितकी ओढते तितकी गुरफटते.
टॉवेलात धरली तिला प्रमिलानं,
मी नखं कापायच्या कात्रीनं एकेक दोरा तोडला.
मग जरा वेळ माझ्या मुठीत होती.
काळीज असं चाललेलं तिचं
की मोजायला गेलो आणि बारानंतर आकडे चुकले.
पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चुकले.

तोंडात शेंगदाण्याची अर्धी डाळ होती.
एवढ्या धडपडीत तिनं ती सोडली नव्हती.
माझ्या उभ्या आयुष्यातल्या झडतीत
सापडलेला हा पहिला माल.

कुठं नोंद केली नाही.
मूठ उघडली.
ती माझ्या मनगटाला चावून
कुंपणापलीकडे गेली, डाळीसकट.

दुसऱ्या दिवशी आली नाही.
इंजेक्शन घेऊन आलो, जाळी गुंडाळून माळ्यावर टाकली,
परात अजून उताणीच आहे.
चिमण्या आल्या, चार मुनिया आल्या,
मी आपला घड्याळाकडे बघतोय.

तिसऱ्या दिवशी सात पंचवीसला आली.
पंधरा मिनिटं उशीर.
आमच्याकडे याला अर्धा दिवस कापत.
मी चहाचा कप उचलला
आणि दुसरीकडे बघितलं.