आस

मत्स्यव्यवसाय खात्यानं मला दिलंय
एक पोलादी पट्टी, एक वही,
गळ्यात अडकवायचं ओळखपत्र
आणि अकरा महिन्यांचं कंत्राट.
दिवाळ्याच्या बंदरावर उकिडवी बसून मी मासे मोजते,
तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत.
पापलेट साडेतेराच्या आत भरलं तर लाल पेनानं.
मे संपता संपता वही इतकी लाल झाली
की साहेबांनी विचारलं,
निळं संपलं का?

जोमाकाकाचं टोपलं आलं तेव्हा
मी उगाच वहीची पानं चाळत राहिले.
तळहातावर तीन मावतील अशी पापलेटं,
अंगावर चांदीसुद्धा नीट चढलेली नाही.
"मोज दर्शू," तो म्हणाला,
"आपला मानूस हाय म्हून सोडू नको."
दहा. साडेनऊ. अकरा. दहा.

"आन् खारीपलीकडं डोंगर कापला
त्याची माती कुठं गेली, ती मोजलीस?
कंपन्यांचं पानी रातच्याला येतं,
त्याला हाय पट्टी?
दर्यात दिवे पेटवून आखा थवा उचलतात
ते कंच्या बंदराला लागतात?
तिथं बसव ना तुज्या साह्यबाला."

चौकात सिमेंटचे फ्लेमिंगो उभे आहेत एका पायावर,
त्यांना दर दिवाळीला गुलाबी रंग मिळतो.
काकाच्या प्रश्नांना माझ्या वहीत रकाना नव्हता.
त्याचं खरं होतं.
पट्टीचंही खरं होतं:
दहा सेंटीमीटरचं पापलेट अंडी घालत नाही,
घालायच्या आतच त्याचा वाटा लागतो
फडक्यावर, शंभराला सात.

जून लागला. एकसष्ट दिवस बंदी.
होड्या निळ्या ताडपत्रीखाली,
नाखवे पत्त्यांवर,
काका ओट्यावर जाळं पसरून.
जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात.
सरकारी कागदातही तोच शब्द, पण पुल्लिंगी:
आसाचा आकार, किमान इतका.
दुसरी आस बाईमाणूस,
तिचं किमान कुणी ठरवलेलं नाही.

एका दुपारी त्यानं माळ्यावरून काहीतरी काढलं,
धूळ लुंगीला पुसली.
बांबूची चिपाटी, तेल पिऊन काळी झालेली,
कडेला दोऱ्याची खाच.
"आमचे बापाची. हिच्यावर आस विनायचा.
लाव तुजी पट्टी."
मी लावली.
कायदा मागतो त्याहून
चांगली बोटभर रुंद.

कुणी सांगितलं नव्हतं त्याला,
बंदरावर बोर्ड नव्हता, दंड नव्हता,
तरी बारकं मावरं त्यातून निघून जायचं
आणि पुढच्या वर्षी मोठं होऊन यायचं,
की यायचं असं आपण म्हणतो, मला माहीत नाही.

मी विचारलं,
मग आपला आस बारीक कधी झाला?

काका सुईत दोरा ओवत राहिला.
दोनदा चुकला.
नव्या पुलाचे दिवे लागले पलीकडे.
मला वाटलं, आता पूल सांगेल, कंपन्या सांगेल.
"तुजी फी भरली ना बेलापूरला,"
तो म्हणाला, "बीएस्सीची. पयल्या वर्साची.
त्याच सालाला."

इतकंच.
परत जाळ्यात मान.

रात्री चांगुणाकाकीनं ताट वाढलं,
भाकरी, कांदा,
चुलीवर भाजलेला सुका बोंबील.
"खा गो, थंड व्हईल."
सुकल्यावर मासा आखडतो, हे मला शिकवलंय,
वजाबाकी कशी करायची तेही.
तरी डोळ्यांनी मोजलंच:
ओला असताना सोळा, फार तर सतरा.
अठराला परवानगी आहे.

पट्टी पिशवीत होती, पिशवी खुंटीला.
मी डोक्याकडून सुरुवात केली.
काटा मऊ होता.