तिसरी खाच

दर मंगळवारी एकशे बेचाळीस पायऱ्या चढून
मी या घड्याळाला किल्ली देतो.
खाली पर्यटक विचारतात,
घडवणाऱ्याचे म्हणे नंतर डोळे काढले?
नाही हो. आंतेल्म व्ह्युइमोचे डोळे आपसूक गेले,
शनीच्या चाकाचे दाते कानशीने घासता घासता.

सोन्याचा मुलामा, निळ्या मिन्यातल्या बारा राशी,
अर्धा काळा अर्धा रुपेरी फिरता चंद्र,
पंख झाडणारा पितळी कोंबडा –
लोक ते बघतात. बघू देत.
मी बघतो मागचं एक चाक,
चारशे वर्षांत एकच फेरा घेणारं.
कडेला खाचा तीनच, करंगळीच्या नखाएवढ्या.

त्याची लेक एर्मांस, जन्म एकोणतीस फेब्रुवारीचा.
चाक कापायला घेतलं तेव्हा आठ वर्षांची,
म्हणजे तिच्या हिशेबानं दोन.
बाप म्हणाला, "एकोणीसशे साली तुझा वाढदिवस
हे घड्याळ गिळणार. रागावू नकोस.
आकाशाची उधारी आहे, कुणीतरी फेडायची."
"आणि खाच नाहीच पाडली तर?"
दोन खाचा झाल्या होत्या.
तो कानस हातात धरून बसून राहिला.
दिवा लावायची वेळ झाली.
मग त्यानं तिसरी पाडली.

एकोणीसशे, अठ्ठावीस फेब्रुवारी, रात्र.
जुराच्या डोंगरांवर गुडघाभर बर्फ.
बाप जाऊन एकोणीस वर्षं झालेली.
रखवालदार सिल्व्हेस्त्रच्या हाती चीजचा तुकडा ठेवून
ती कंदील घेऊन वर आली.
बारा ठोके पडले. कोंबड्यानं नुसतीच चोच उघडली,
भाता त्या हिवाळ्यात उंदरांनी खाल्लेला.
आत काहीतरी बारीकसं खाली टेकलं,
पोकळी जिथे हवी तिथेच होती.
काटा अठ्ठावीसवरून उठला
आणि एकोणतीसला न शिवता
एक मार्चवर जाऊन बसला.

"बाबांचं गणित काही चुकलं नाही,"
ती म्हणाली. सिल्व्हेस्त्र सांगायचा,
जरा नाराजीनंच म्हणाली.
मग कंदिलाची वात खाली करून
पायऱ्या मोजत उतरली.

दोन हजार साली मी होतो इथे.
तिथे खाच नाही. पितळ गुळगुळीत.
काहीच झालं नाही, आणि मी पहाटेपर्यंत
ते काहीच न होणं ऐकत बसलो.

पुढची खाच एकवीसशेची. मी नसेन.
तिच्यातही मी काडीनं थेंबभर तेल सोडतो,
मंगळवारी.