हिशेबाबाहेरचं पाणी

यादी करायला मला बसवलं होतं.
व्हॉल्व एकशे चौदा, चालू.
त्यातले अकरा गंजलेले, तेही चालू.
चाव्या सहा. शिडी एक.
पुंजा गांगुर्डे, व्हॉल्वमन, वय सत्तावन्न :
त्यांना कुठल्या रकान्यात घालायचं
ते परिपत्रकात नव्हतं.

एक तारखेपासून पाणी कंपनीचं.
म्हणजे धरण पाटबंधाऱ्याचंच,
नळ महापालिकेचा, मीटर कंपनीचा,
मीटर वाचणारा दुसऱ्याच कंपनीचा,
आणि सांडपाणी?
सांडपाण्याला निविदाच आली नव्हती.

सल्लागार पुण्याहून आलेले. भला माणूस.
शंभरातलं अडतीस लिटर जातं कुठं, म्हणाले,
आणि पडद्यावर तांबडा तुकडा दाखवला :
हिशेबाबाहेरचं पाणी.

मागच्या बाकावरून नाना उठले.
"चला, दाखवतो."

सातपूरची टाकी, मग कॉलनीमागची बोळ,
भिंतीलगत एक सांधा, अठ्ठ्याऐंशी साली शिसं ओतलेला.
तिथं अळू माजलंय, गुडघ्याच्या वर.
यमुनाबाई साळवे त्याच्या जुड्या बांधून विकतात.
पाण्याचं बिल त्यांना कधी आलं नाही,
नळही आला नाही.

नानांनी चावी लावली. साडेसात आटे.
"आठवा दिला की वरच्या गल्लीची धार तुटते.
हे नकाशात नाही."
सल्लागारांनी नीट लिहून घेतलं, साडेसात.
मग विचारलं, म्हणजे किती टक्के?

परतताना नासर्डीच्या पुलावर गाडी अडकली.
खाली काळं, जाड,
कुठंच जायची घाई नसलेलं.
"हे मात्र सगळं हिशेबातलं," नाना म्हणाले,
"आपणच मोजून दिलेलं.
तपोवनात फेस धरेपर्यंत कुणाचंच नसतं.
कुंभ आला, की सगळ्यांचं."
कुणी हसलं नाही. ड्रायव्हरनं काच वर घेतली.

रात्री यादीच्या तळाशी मी लिहिलं :
अळू, एक वाफा.
साहेबांनी सकाळी खोडलं,
पण हलक्या हातानं,
खालचं वाचता येईल असं.

एक तारखेला पहाटे पावणेसहाला
वरच्या गल्लीतून पहिला फोन.
धार नाही.
नवी चावी होती, तेल लावलेली.
नव्या मुलानं आठवाही आटा दिला होता,
अगदी मनापासून.