लाल काटा

एप्रिल उजाडला तरी आमच्या गल्लीत
बर्फाचे ढीग तसेच, कडेनं काळवंडलेले.
ला शो-द-फोंमध्ये खिडक्या मोठ्या बांधतात
त्या देखाव्यासाठी नव्हे.
इथं पाच पिढ्या उजेडाकडे तोंड करून बसल्या
आणि डोळ्यांनी अधू झाल्या.

फ्रायताग बाझेलहून आले. हातात मोजे,
पेटीत पेटी, पेटीत मखमल,
मखमलीवर ते:
त्रेपन्न सालचं, पोलादी, नाडी मोजायचं घड्याळ.
अशी अकराच बनली. सात कुठं आहेत ते त्यांना पाठ आहे,
जसे काहींना मेलेल्या मित्रांचे फोन नंबर पाठ असतात.

"केस कधी घासलेली नाही," ते म्हणाले,
"कडा बघा, कडा."
खरंच, कडा अजून बोचत होत्या.
तबकडीला ऊन लागून दुधाळ चहाचा रंग चढलेला.
तो डाग नव्हे म्हणे, ती किंमत.
मी भिंग डोळ्याला लावलं, मान डोलावली.
त्यांचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

"फक्त हा काटा."
आवाज उतरला, घरातल्या वाया गेलेल्या मुलाबद्दल
बोलताना उतरतो तसा.
मधला काटा. हवा निळा, हा लाल.
वर किंचित लांब, टोक हातानं खाली वाकवलेलं.
कुण्या अडाण्यानं बसवला असेल.
एवढ्यापायी जिनिव्हाच्या लिलावात
चाळीस हजार फ्रँक उणे.

मी पाठीचं झाकण उघडलं.
आतल्या बाजूला, जिथं गिऱ्हाईक कधी डोकावत नाही,
आम्ही कारागीर सुईनं खरडून ठेवतो
कोण आलं होतं, कधी.
तीन खुणा. मधली: र. म., २/६२.
रेमों माथे. उजवीकडे घसरणारं अक्षर.
अडाणी म्हणजे माझा बाप.

त्या रात्री तळघरातून त्यांची वही काढली.
"बर्त ह्युगनँ, सुईण, ला ब्रेविन.
घड्याळ कारखान्याच्या मालकाकडून, जुळी जगवली म्हणून.
कंदिलात निळा काटा दिसत नाही म्हणते.
लाल केला. लांब केला. पैसे घेतले नाहीत."
पानाला पाकीट चिकटवलेलं,
पाकिटात निळा काटा, पापणीच्या केसाएवढा.
बाबा काही फेकत नसत.

उणे तीस. गोठ्याला लागून खोली,
काच काजळलेली.
एका हाताची दोन बोटं बाईच्या मनगटावर,
दुसऱ्याचा अंगठा बटणावर.
तीस ठोके मोजायचे, मग दाबायचं,
काटा थांबेल तिथं आकडा वाचायचा
आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नाही.
सुईणीकडे रात्री एवढीच सुई.

गप्प बसता आलं असतं. पाकीट पुन्हा चिकटवता आलं असतं.
सकाळी फोन केला: निळा मिळाला, मूळचाच.
फ्रायताग कितीतरी वेळ बोलले नाहीत,
मग त्यांनी बायकोला हाक मारली.

काट्यानं काटा काढला.
सातशे फ्रँकांचं बिल केलं.
झाकण लावण्याआधी बाबांच्या खुणेखाली
माझी खूण, तारीख, आणि अगदी बारीक:
लाल काटा माझ्याकडे, वही, पान ८८.
पुढं कुणी उघडलं तर उघडलं.

ते न्यायला आले तेव्हा मी म्हटलं, एकदा चालवून बघा.
त्यांनी मोजा काढला, बटण दाबलं.
निळा काटा सुटला, खिडकीच्या उजेडात लख्ख,
आणि माझी दोन बोटं
माझ्याच मनगटावर कधी गेली कळलं नाही.
एकोणीसपर्यंत आले होते.
त्यांनी थांबवला.
"झीज होते," म्हणाले,
आणि पेटी पेटीत ठेवली.