चिकटपट्टीवरचं नाव

छत्तीस वर्षं मी मापात राहिले.
पाच मिली, दहा मिली,
दिवसातून तीनदा, जेवणानंतर.
रिटायर झाले, आणि नाताळच्या केकला
पहिल्यांदाच अंदाजानं हात लावला.

मोसंबीची साल दिवाळीपासून मुरतेय.
अंबड रोडवरून पाच किलो आणली होती.
रस पिऊन संपला,
सालीचा आतला पांढरा कडूपणा
सुरीनं खरवडला, तीन पाण्यांतून उकळला,
उरलं ते पाकात.
बरणी उघडली की अख्ख्या क्वार्टरला
सकाळ झाल्यासारखं वाटतं.

खजूर, मनुका, काजूचा चुरा
काळ्या चहात भिजवले.
रम नाही.
वडील पास्टर होते,
अजून भिंतीवरून बघतात.

साखर जाळणं मात्र जपून.
लोखंडी कढईत ती आधी रडते, मग सोनं होते,
मग मधाचा रंग, मग विटेचा,
आणि काळी पडायच्या एक श्वास आधी
गरम पाणी ओतायचं.
श्वास चुकला की कडू.
दोनदा चुकला.

लोणी तर जालन्याच्या थंडीत दगडच.
ओट्यावर उन्हात ठेवलं, मांजर बसवून ठेवलं
म्हणजे मीच बसले मांजरावर लक्ष ठेवून.
सहा अंडी. जायफळ.
दंड भरून येईपर्यंत एकाच दिशेनं फेटणं.

मागच्या वर्षी कुकरमध्ये
कुंडलिकेची वाळू घालून भाजला होता,
वरून लापशी, खालून कोळसा.
यंदा म्हटलं, गफूरभाईंची भट्टी.

रात्री नऊला पाव निघतो,
मग भट्टी नरम पडते.
शटरबाहेर शाली, कानटोप्या, डबे.
कुणाची नानकटाई, कुणाचा रव्याचा केक,
तेलाच्या पिंपाचं झाकण कापून केलेले ट्रे.
सळईच्या कारखान्यांचा धूर खाली उतरलेला,
त्यात तूप आणि वेलची.
"सिस्टर, रख दो. सुबह ले जाना."

डब्यावर मी चिकटपट्टी लावली होती,
बॉलपेननं नाव.
जखमेवरसुद्धा ती तीन दिवस टिकत नाही,
हे मलाच कळू नये?

सकाळी घरी आणून कापला
तर आत मोसंबी नाही.
दही, सोडा, केशर, वर बदामाचे काप.
चव चांगली. फारच चांगली.
पण हा माझा नव्हे,
हा संचेतींकडचा. बिनअंड्याचा.
म्हणजे माझा...

स्वेटर उलटा घालून निघाले.
सदर बाजारापर्यंत आयुष्यात इतकी पळाले नसेन,
इमर्जन्सीलासुद्धा.

त्यांच्या टेबलावर डबा होता.
झाकण लावलेलं.
सासूबाई म्हणाल्या, "या सिस्टर, सुनेनं वासावरूनच ओळखलं.
आम्ही हात लावला नाही.
भट्टीवाल्याला कळवायलाच निघालो होतो."
मी माफी मागितली, त्यांनी चहा दिला,
त्यांच्या केकचा एक तुकडा कमी असल्याचं
मी कबूल केलं.
त्या हसल्या.

फाटकापर्यंत राखी सोडायला आली.
लग्नाला वर्ष झालं नसेल,
हातावरची बांगडी सारखी फिरवत होती.
मागे वळून बघून
अगदी हळू विचारलं,
"साल किती दिवस मुरवता?"

घरी येऊन झाकण काढलं.
कडेला एक कोपरा गेलेला,
अंगठ्याएवढा,
सुरीनं नाही,
चिमटीनं.

त्या कोपऱ्यापासूनच मी
वॉर्डातल्या नाइटच्या पोरींना कापून वाटला.
कुणीतरी विचारलं, "उंदीर होता का गं सिस्टर?"
हो म्हटलं.
मोठ्या घरचा.

पुढच्या दिवाळीला सहा किलो मोसंबी आणीन.
एक किलो जास्त.
कशाला, ते मी कुठल्याच कागदावर
लिहिणार नाही.