तिरका तळ

सकाळी साडेसातला पापाच्या तिकटीला ऊन
एकाच बाजूनं येतं,
भांड्यांच्या दुकानाच्या शटरवर आपटतं
आणि समोरच्या चहावाल्याच्या कानाची पाळी लाल करतं.
त्या पाळीसाठी मी अकरा दिवस उभी राहिले.
बाराव्या दिवशी त्यानं कानटोपी घातली.

माझा धंदा वेगळा. मी खोकी करते.
गुळाची, आजऱ्याच्या काजूची, कांदा-लसूण चटणीची.
किलोला किती पुठ्ठा, घडी कुठं, डिंक कुठं,
नाव किती ठळक केलं की गिऱ्हाईक हात लांब करील,
याचे पैसे मिळतात.
कानाच्या पाळीचे मिळत नाहीत.

म्हणून चूल वेगळी ठेवलेली,
शाकाहारी घरात अंड्याचा तवा ठेवतात तशी,
माळ्यावर, पेपरात गुंडाळून.

मग एकदा गुळाच्या खोक्याला रंग सापडेना.
मालक म्हणाले पिवळा, त्यांचा मुलगा म्हणाला सोनेरी.
रात्री तवा खाली काढला.
मार्केट यार्डात हमालानं रव्यावरचं गोणपाट ओढलं
त्या झटक्यातला एक फोटो होता, जरा हललेला.
पिवळा नव्हे, सोनेरी तर नव्हेच,
माशी बसून उठल्यावर गूळ जो दिसतो, तो.
मालकांनी बोटानं चाटून बघितल्यासारखं केलं.

तेव्हापासून चूल एक झाली.
जैनू पेंटरच्या फळीवरचा पोट सुटलेला 'क्ष'
चटणीच्या पाकिटावर जाऊन बसला.
उद्यमनगरातली, ओतकाम झाल्यावरची काळी वाळू
काजूच्या मागं पसरली.
रस्त्यात आता मी काही बघत नाही,
नुसती उचलते, असं आई म्हणते.

चप्पल लाइनीत सुबराव कातडं कापतो.
तळ काढून घेतले की उरलेलं खिळ्याला टांगतो,
आणि भोकांतून आलेलं ऊन
भिंतीवर नुसतीच पावलं उमटवतं, चालायला कुणी नसलेली.
मी ते टिपलं. त्याची नक्षी केली,
उलटी, सुलटी, आरशातली,
पुण्याच्या एका दुकानाच्या चपलांच्या खोक्यासाठी.

पहिलं खोकं त्याला दाखवायला नेलं.
त्यानं ते दोन बोटांत धरलं, वाकवलं, वास घेतला.
"हे तर माझं कात्रण."
व्हय, म्हटलं.
"किलोवर जातंय हे."
मग बराच वेळ गप्प. बोट नक्षीवरून सरकत होतं,
शिधापत्रिकेवर आपलं नाव शोधावं तसं.
"ह्यात एक डावा तिरका व्हता. आठ नंबरचा.
त्यो सरळ कुणी केला?"

मी केला होता.
रात्री दीडला, पडद्यावर, दोन टिचक्यांत.
काठ काठाला जुळत नव्हता म्हणून.

"शेवंतीला त्या दिवशी सीपीआरला नेल्याली.
हात इथं, ध्यान तिकडं."
ती बरी हाय आता, असं त्यानं सांगितलं नाही,
मी विचारलंही नाही.
त्यानं पाय जरा पुढं केला.
तिरका तळ त्याच्याच पायात होता.
गिऱ्हाइकाला कसा देणार?

घरी येऊन मी तो पुन्हा वाकडा केला.
छापखान्यातून गोंदकरांचा फोन आला:
ताई, एका जागी रेघ चुकतीया बघा.
चुकू दे, म्हटलं.
आहो, पन चार हजार खोकी हाईत.

ती चुकीची जागा नेमकी चिकटवायच्या पट्टीवर आली.
डिंकाखाली, आतल्या बाजूला.
खोकं फाडल्याशिवाय कुणाला दिसायची नाही.

सुबरावचा पाय मात्र मी टिपला नाही.
कॅमेरा गळ्यातच होता.
चहावाल्यानं टोपी काढलीय, असं कळलं.
अजून गेले नाही.